मिसळलेला तांदूळ

धानातलं जागेश्वरला सगळं कळतं, असं अर्जुनी मोरगावच्या बाजूला सारेच म्हणत. लोंबी हातात चोळून तो वाण सांगायचा. चुलीकडं मात्र फक्त जेवायला जायचा.

त्याच जागेश्वरनं धान चुरायला, म्हणजे मळणीला, आलेल्या माणसांसमोर बायकोच्या अंगावर भाताची थाळी फेकली. अर्धा भात लगदा, अर्धा कच्चा. "तुह्या मायनं भात बी नाही शिकवला?" वरून हेही बोलला. रुख्मिणीनं लुगड्यावरची शितं झटकली आणि सकाळी देवरीकडं माहेरी निघून गेली.

चार दिवस त्यानं मुरमुऱ्यावर काढले. मग शेजारच्या धुरपताबाईकडं ताट मागायला गेला. म्हातारी म्हणाली, "रोज कोन देईल, बापू? हात हायेत न तुले!"

त्यानं चूल पेटवली. पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी बोटांनी पाणी मोजून टाकलं, आच सांभाळली, तरी रुख्मिणीच्या भातासारखंच झालं. काही शितं चिखल, काही दाताखाली कचकच. धुरपताबाईनं भाताच्या गंजात डोकावून चार शितं चिमटीत धरली.

"हा तं जुना न औंदाचा एकच करून राहिला तू! नवा लवकर शिजते, जुना टाइम घेते. देवाच्यानं बी नाही रांधवनार हा भात. कोन मिसळला?"

कोठी रिकामी करायची म्हणून जागेश्वरनंच उरलेला जुना तांदूळ नव्यात ओतला होता. रुख्मिणी म्हणालीही होती, नका मिसळू. "तांदूळ तो तांदूळ. मले शिकवते का?" असं म्हणून त्यानं तिला उडवून लावलं होतं.

जागेश्वरनं चूल विझवली.

दुसऱ्या दिवशी तो सासुरवाडीला पोचला. रुख्मिणी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. त्याच्या बोटांवरचे फोड तिनं पाहिले.

"रांधून राहिले वाट्टे."

"हव. लगदा झाला."

"मंग कोनावर फेकला?"

सूप न थांबवता ती म्हणाली, "बाबाले म्या काही सांगतलं नाही. तुमीच सांगा. मंग पाहू."

एवढ्यात सासरा पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आला. "या, जवाईबापू!"

जागेश्वरनं लोट्याला हात लावला नाही.

"मामाजी, पयले आयका," तो म्हणाला. "मंग पानी द्यायचं का नाही ते ठरवा."