दस्तगीर मिस्त्रींच्या तीन इमारती

सव्वीस जानेवारीला लागून शनिवार-रविवार आला, तेव्हा मिलिंदनेच बेत काढला. "परभणीला चला, दस्तगीर मिस्त्रींच्या इमारती दाखवतो." मिलिंद आमचा कॉलेजपासूनचा मित्र, पुण्यात आर्किटेक्ट. वैशाली इतिहासाची प्राध्यापिका. मी बँकेतून निवृत्त झालेली, म्हणजे कुठेही न्यायला सोयीची. मिस्त्रींनी निजामाच्या काळात या जिल्ह्यात शाळा, मुसाफिरखाने, दवाखाने बांधले, हे मला मिलिंदने रेल्वेत सांगितलं तेव्हा कळलं.

परभणीला उतरलो आणि शेखभाईंच्या जीपने आधी शाळेवर गेलो. काळ्या दगडाच्या देखण्या कमानी कुणीतरी गुलाबी ऑइलपेंटने माखून टाकल्या होत्या. एका कमानीत सरकती काच, दुसरीत चक्क एसीची पेटी. कारकून कौतुकाने म्हणाले, "पहिलं लय भकास दिसायचं. आता बघा कसं झळकायलंय." मी म्हटलं, "हो, मिठाईच्या दुकानासारखं." ते खूश झाले.

पाथरीच्या वाटेवर चाक पंक्चर झालं. शेखभाई चाक बदलेपर्यंत शेजारच्या शेतकऱ्याने आम्हाला बोलावून हुरडा (ज्वारीचे कोवळे भाजलेले दाणे) खाऊ घातला. गुळाचा खडा, लसणाची चटणी. त्या दिवसातल्या एवढ्या एकाच गोष्टीला मला नावं ठेवता आली नाहीत.

पाथरीत मंदिराकडे भाविकांची रीघ होती, पण मुसाफिरखान्याकडे कुणी फिरकत नव्हतं. आत खताची पोती रचलेली. सागवानी खांबाला खिळे ठोकून त्यावर पुढाऱ्यांचे फ्लेक्स टांगले होते. मिलिंद खांबावरून हात फिरवत म्हणाला, "हा सांधा बघा. एक खिळा नाही वापरला मिस्त्रींनी." मला तो फार आवडला त्या क्षणी. बाकी सगळ्या गावावर मी जेवताना तोंडसुख घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोदावरी ओलांडून सोनपेठच्या बाजूला गेलो. तिथला मिस्त्रींचा दवाखाना बंद पडून बरीच वर्षं झालेली, पण इमारत अजून अभंग होती. उंच छत, चुन्याचा गुळगुळीत गिलावा, भर उन्हात आत गारवा. इथे पूर्वी आया म्हणून काम केलेल्या गयाबाईंनी कुलूप काढलं. मिलिंदला पाहून त्या थबकल्या.

"साहेब, तुमी परत आलाव? मागल्या महिन्यात माप घेऊन गेलाव न्हवं?"

मिलिंद म्हणाला, "बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

"घोटाळा कशाला? तुमीच म्हन्लाव, हे पाडायचं हाय. माझी दोन्ही लेकरं हितंच झालीत. मी इसरन व्हय?"

वैशाली मिलिंदकडे वळली. मग तो बोलला. जागेवर व्यापारी संकुल होणार होतं आणि त्याचा आराखडा त्याचाच होता. कागदपत्रांत फक्त एक टिपण कमी होतं, या इमारतीला वारसामूल्य नाही असं इतिहासाच्या जाणकाराचं. ते त्याने टाइप करूनच आणलं होतं. वैशालीची सही तेवढी हवी होती.

"दोन दिवस हिंडवलंस ते यासाठी?" वैशालीने विचारलं.

"हिंडणं खरंच होतं गं."

वैशालीने कागद घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर गयाबाईंना विचारून लिहीत बसली. कुठली खोली बाळंतिणीची, औषधं कुठे, भिंती कधी चुन्याने सारवल्या. मी मोजायची टेप धरली. मिलिंद जीपमध्ये जाऊन बसला.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं समोरासमोर होतो, कारण तिकिटं त्यानेच तशी काढली होती. परभणी सुटल्यावर वैशाली म्हणाली, "तुला मिस्त्रींचं काम एवढं कळतं, तरी?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कळतं म्हणूनच मला बोलावलं संकुलवाल्यांनी. कुठून तोडलं की पटकन पडेल, हे दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं."

वैशालीचा अहवाल पुरातत्त्व खात्याकडे गेला आहे आणि दवाखाना अजून उभा आहे. पुढचं माहीत नाही. दोन दिवस मी अडाण्यांवर हसत हिंडले, आणि माझ्या शेजारच्या सीटवर एक जाणकार बसला होता.