खोताच्या बापाचे डोळे

“नाकाने घासून पूस,” खोत म्हणाला.

महारवाड्याच्या अगदी कडेला आमच्या घराची भिंत. तिच्यावर मी कोळशाने काढलेला त्याच्या बापाचा चेहरा. खोत हद्दीबाहेर, चार पावलांवर उभा, हातात वेताची काठी. त्याचे दोन गडी मात्र आत आलेले. एकाच्या हातात पहार. सगळी वाडी दारादारांत उभी.

मला चित्र काढायला कुणी शिकवलं नाही. बापूस मुंबईला गोदीत. तो आणायचा त्या कापडावर गिरणीच्या छापाची रंगीत चित्रं चिकटवलेली असत. हत्ती, पोपट, गुलाब घेतलेली बाई. ती समोर ठेवून मी भिंतीवर उतरवायची. चुकलं की सारवायचं, पुन्हा काढायचं. हात तसाच वळला.

खोताकडे वेठीला जायची. अंगण झाडायचं, लाकडं रचायची. ओटीवर पाय ठेवायचा नाही. ओटीवर त्याच्या मेलेल्या बापाचं मोठं चित्र होतं, मुंबईच्या चिताऱ्याने काढलेलं. त्याहून चांगलं चित्र मी पाहिलं नव्हतं. झाडता झाडता बघायची. कधी नाक डोळ्यांत भरून आणायची, कधी पगडी. घरी येऊन काढायची.

चेहरा पुरा झाला तेव्हा आये म्हणाली, “पूस गो. कोणतरी जाऊन सांगल.”

मी पुसला नाही. कोणीतरी सांगितलं.

“माझ्या वडिलांना महारवाड्याच्या भिंतीवर आणलंस?” खोत ओरडत नव्हता. त्याचीच भीती वाटत होती. “घर माझ्या जमिनीत आहे. घास नाक.”

आयेने माझी मान धरली. “घास गो बाय. घर जाईल.”

मी घासलं. हनुवटीपासून वर. नाक सोललं. तोंडात माती गेली. डोळ्यांपाशी आले आणि थांबले. इतक्या जवळून ते कधी बघितले नव्हते. मायाळू डोळे. ह्याच माणसाने माझ्या आज्याला उन्हात आंब्याला बांधून ठेवलं होतं. आजा दोरातच गेला. चिताऱ्याने खोटं काढलं होतं. आणि ते खोटं मी जीव ओतून हुबेहूब उतरवलं होतं. वर त्याच्याचपुढे नाक घासत होते.

मी वळले. खोताच्या तोंडाकडे सरळ बघितलं. जन्मात पहिल्यांदा.

“नाही पुसणार.”

तो गड्यांना म्हणाला, “मग भिंतच पाडा.”

भिंत पडली. छप्पर खाली बसलं. आये ऊर बडवत होती. मी रडले नाही. बघत होते. काठीवर आवळलेली त्याची बोटं. एका बाजूला ओढला गेलेला ओठ. आणि डोळे. त्यांत माया नव्हती. रागही नव्हता. काहीच नव्हतं.

त्याच सांजेला आम्ही मामाच्या गावाकडे निघालो. खोताची माणसं मागून येतात काय, म्हणून आये सारखी वळून बघत होती.

“आता तरी चित्रं सोड,” ती म्हणाली.

“सोडणार नाय. पण आता दुसऱ्याचं बघून काढणार नाय. खोताला काढीन. उभा होता तसा. जिथं भिंत मिळेल तिथं. त्याच्या पोरांनी बघितला तर ती घाबरली पाहिजेत.”