सेराफिनाचा काटा

वयाबद्दल माणूस खोटं बोलतो ते मी समजू शकतो. वजनाबद्दल खोटं बोलायला मात्र थोडी तरी लाज असावी, कारण वजन तो सोबत घेऊनच आलेला असतो. जुहूच्या आमच्या हँगरात मी, जयवंत राणे, तेवीस वर्षं मेकॅनिक आहे. भाड्याच्या हेलिकॉप्टरात बसायला आलेल्या एकाही मोठ्या माणसाने या तेवीस वर्षांत आपलं वजन खरं सांगितलेलं मी ऐकलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बिल्डर सांगतो बहात्तर, त्याची बायको सांगते पन्नास, आणि दोघं चढली की पायरी बिचारी कुरकुरते.

ही थोर मंडळी आणि आकाश यांच्यामध्ये आमच्याकडे एकच अडसर होता. सेराफिना परेरा. वाकोल्याच्या गावठाणातली, बुटकी, केसांत पेन्सिल खोचलेली. आई वाकोल्याच्या बाजारात मासळी विकायची, त्यामुळे बर्फासकट मासळी तोलणारे लोक कसे दिसतात हे हिला लहानपणीच कळलेलं. आमच्याकडे तिचं काम लोडशीट भरायचं. कोण किती किलोचा, कुठल्या सीटवर, बॅगा कुठे, इंधन किती, हे मांडून यंत्राला झेपेल की नाही ते ठरवायचं.

लोकांना वाटतं, वर पंखा आहे म्हणजे हेलिकॉप्टर उडणारच. अरे, ते पंख्याला लटकलेलं असतं, शिंक्यासारखं. शिंक्यात मडकं एका बाजूला सरकलं की शिंकं कलतं. हेलिकॉप्टर कललं की पायलट दांडा उलट दिशेला ढकलून ते सावरतो, पण दांडा जाऊन जाऊन किती जाणार? तो टोकाला टेकला की पायलटच्या हातात काही उरत नाही. त्यात मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होते आणि तेच यंत्र कमी वजन उचलतं. हे सगळं सूटवाल्यांना सांगितलं की ते घड्याळ बघतात.

नऊ वर्षांपूर्वी असंच एक वऱ्हाड अलिबागला निघालं होतं. तेव्हा आमच्याकडे वजनाचा काटा नव्हता. पाहुण्यांनी सांगितलं ते सेराफिनाने लिहिलं. मीही सोबत होतो, आणि माझी अठरा किलोंची टूलबॅग मी न सांगता मागच्या सामानात टाकली होती. ती सांगायची असते हे मला ठाऊक होतं. पण कोण विचारतंय! उतरताना, जमीन पंधरा फुटांवर असताना यंत्राचा दम संपला आणि शेपटी आधी आपटली. पाहुण्यांना खरचटलं. माझा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. आजही मी लंगडतो.

सेराफिना हॉस्पिटलात आली, पायाकडे बघत बसली आणि म्हणाली, "मी ऐकलेलं लिहिलं रे. परत नाही लिहिणार." महिन्याभरात तिने मालकाच्या मागे लागून काटा आणवला. टूलबॅगेबद्दल तिला चौकशीत कळलंच होतं. नऊ वर्षांत त्यावरून तिने मला एकदाही टोमणा मारला नाही.

आता भाऊ. हे मुलुंडचे पुढारी. कुठल्याशा उद्यानाच्या उद्घाटनाला स्वतः वरून फुलं उधळायची त्यांना हौस आली. हँगरात ते आले तेच पांढऱ्या कपड्यांच्या घोळक्यात, आणि त्यांचा राजेश नावाचा कार्यकर्ता दिसेल त्याच्या हातात कार्य-अहवाल कोंबत होता. एक सेराफिनाच्याही हातात आला.

"भाऊ, काट्यावर या," सेराफिना म्हणाली.

"फॉर्मवर लिहिलंय ना, बाई. अठ्ठ्याहत्तर."

सेराफिनाने अहवालाचं पान उलटून त्यांच्यापुढे धरलं. फोटोत एका पारड्यात भाऊ, दुसऱ्यात खोके, आणि खाली ठळक अक्षरांत, 'वाढदिवसानिमित्त भाऊंची सव्वाशे किलोंची भव्य लाडूतुला'.

"ही गेल्या आठवड्यातली ना? आठ दिवसांत सत्तेचाळीस किलो कुठे गेले?"

"अहो, ते लोकांसाठी असतं!"

"हेलिकॉप्टर मतदार नाही, भाऊ. या वर."

भाऊंनी आमच्या मालकाकडे, सुबोधसाहेबांकडे पाहिलं. सुबोधसाहेबांनी छताकडे पाहिलं. पायलट शेर्विन हाताची घडी घालून उभा होता. सेराफिनाने भरलेल्या कागदाशिवाय तो सही करणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी भाऊ चढले. काट्याने दाखवलं सत्त्याण्णव.

खरी गंमत त्यानंतर झाली. राजेश बोटांवर हिशेब करत होता. "पण भाऊ, खोके मीच चढवले ना. पाच-पाच किलोंचे पंचवीस. पारडी अगदी सारखी झाली होती. म्हणजे खोक्यात चारच किलो होते काय? लाडू तर आपण आश्रमातल्या पोरांना वाटले!"

इतका प्रामाणिक कार्यकर्ता भाऊंनी कसा पाळला देव जाणे. भाऊंचाच फोटोग्राफर हे सगळं चित्रित करत होता, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

सेराफिनाला लाडवांशी काही देणंघेणं नव्हतं. ती फुलांची पोती तोलायला लागली होती. चाळीस किलो सांगितलेला झेंडू छप्पन्न भरला, कारण तो ताजा दिसावा म्हणून त्यावर बादल्या ओतल्या होत्या. "आई बर्फाला ओळखायची, मी पाण्याला ओळखते," ती मला म्हणाली आणि हसली. तीन पोती आणि राजेश खाली राहिले. फोटोग्राफरची सीट बदलली. हेलिकॉप्टर गेलं, फुलं पडली, सगळे सुखरूप परत आले. कुणाला काही झालं नाही, म्हणून तिने काय केलं ते कुणाला कळलंही नाही.

कळलं ते लाडवांचं. ती चित्रफीत दोन दिवसांत मुलुंडभर फिरली. पोरांचे अठ्ठावीस किलो लाडू कुणी खाल्ले, असं लोक भाऊंना तोंडावर विचारायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती सेराफिनाने उघडली होती. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात तसे भाऊ आमच्यावरच उलटले. त्यांना पत्र हवं होतं.

सुबोधसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काका, काट्याची देखभाल तुमच्याकडे. काटा बिघडलेला होता एवढं लिहून द्या."

"कमी दाखवत होता लिहू, की जास्त?"

"नुसतं बिघडलेला लिहा."

त्या दिवशी सकाळी, भाऊ यायच्या आधी, मी वीस-वीस किलोंची चार वजनं काट्यावर ठेवून पाहिली होती. काट्याने बरोबर ऐंशी दाखवले होते. पण माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती, लंगड्या मेकॅनिकला दुसरीकडे कोण घेणार, आणि साहेब मला काका म्हणाले होते. कारणं काय, हवी तितकी मिळतात. मी सही केली. मोठ्या माणसांची जन्मभर टिंगल केलेल्या माणसाने मोठ्या माणसांसाठी खोटा आकडाही लिहिला नाही, नुसता खरा आकडा पुसला. एवढ्याने मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

काटा स्टोअरमध्ये गेला. सेराफिनाला उद्यापासून फोनवर बसायला सांगितलं. ती बसली नाही. केसांतली पेन्सिल काढून तिने पर्समध्ये टाकली, आणि जाता जाता माझ्या टेबलाशी थांबली.

"त्या सकाळी तू काटा तपासलास ना? किती दाखवत होता?"

"ऐंशी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि निघून गेली. टूलबॅगेचा विषय तिने तेव्हाही काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या गुरुवारी मला पाहुण्यांसोबत अलिबागला जायचं होतं. ऊन मी म्हणत होतं. सेराफिनाच्या जागी आता मानसी नावाची मुलगी आहे, टॅब्लेटवर लिहिते. पाहुणे चार. त्यांनी सांगितलं, सत्तर, बहात्तर, पंच्याहत्तर, अडुसष्ट. अडुसष्टवाल्याचा पट्टा पोटावर पुरत नव्हता. मानसीने मान वर न करता चारही आकडे टिपले.

"काका, तुमचं?"

"एक्क्याऐंशी. आणि टूलबॅग अठरा."

"बॅगेचं पण सांगायचं असतं?" तिने विचारलं, पण लिहिलं. टॅब्लेटवर हिरवा रंग आला. शेर्विनने तो पाहिला, मग सवयीने काटा असायचा त्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि सही केली. त्याने माझ्याकडेही पाहिलं. काटा चांगला आहे, स्टोअरमधून आणायला दोन मिनिटं लागतात, हे सांगायची हीच वेळ होती.

मी मागच्या सीटवर चढलो, पट्टा लावला, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो.