मॅडमचा धुरा

वंदना मॅडमनी कुणालाच कधी "नाचा" म्हटलं नाही. समोरचा माणूस जसा बसला असेल तशा त्या बसायच्या आणि तो जे करील तेच करत राहायच्या. मूळच्या धनजच्या. नृत्य आणि हालचालींतून मनावर उपचार करायचं शिक्षण पुण्यात घेतलेलं. दर मंगळवारी कारंज्याहून एसटीने इंझोरीच्या समाजमंदिरात येत. गाव त्यांना 'नाचवाल्या मॅडम' म्हणे, आणि त्या हसून ओ देत.

माझा धाकटा भाऊ वारल्यापासून आई बोलायचीच थांबली होती. वाशीमच्या मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू होत्या. दिवसभर ती मांडीवर बोटं हलवत बसे, धान्यातले खडे वेचल्यासारखी. मॅडम समोर बसून तशीच बोटं हलवू लागल्या. तीन मंगळवार असेच गेले. चौथ्या मंगळवारी मॅडमनी हवेतच सूप धरून पाखडल्यासारखं केलं, तशी आईने त्यांचं मनगट पकडलं. "असं नाही वो, सूप असं धरतेत!" दहा महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य. मी बाहेर जाऊन रडलो.

मग काय, गुडघे दुखणारे आले, फिट येणारे आले, मूल होत नाही म्हणूनही लोक आले. मॅडम प्रत्येकाला सांगत, "माहा धुरा इथवरच हाय. त्याच्या पलीकडचं वावर डॉक्टरचं." धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. आम्हाला वाटे, बाई उगाच भाव खाते.

गोळ्यांनी आई सकाळभर पेंगायची. मी विचारलं, "आता बंद करू का?"

"गोळीले मी हो बी म्हनत नाही आन् नाही बी म्हनत नाही. चाला, आपन डॉक्टरकडे जाऊ."

सोयाबीनची सोंगणी चालू होती. मी गेलो नाही. आई बोलायला लागलीय, आता कशाला गोळ्या, असं म्हणून मीच त्या बंद केल्या. मॅडम दर मंगळवारी विचारत, "गोळ्या चालू हायेत ना?" मी मान डोलवायचो.

दीड महिन्याने आईने जेवण सोडलं. मॅडमनी तिचे निश्चल हात पाहिले आणि त्या तडक उठल्या. "आजच्या आज वाशीमले न्या." दवाखान्यात त्या सोबत होत्या. डॉक्टरांपुढे मी गोळ्यांचं कबूल केलं तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. पण आईच्या अंगात काही उरलंच नव्हतं. आठव्या दिवशी ती गेली.

'नाचवून नाचवून म्हातारी मारली,' असं गावात झालं. गोळ्या बंद होत्या हे दवाखान्यातून गावात पोचलं होतं. समाजमंदिरात बैठक बसली. सरपंचांनी विचारलं, "गोळ्या तुमीच बंद करायले लावल्या का?"

"नाही."

"मंग कोनं केल्या?"

मी पहिल्याच रांगेत होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पेशंटच्या घरातलं चारचौघात सांगाचं काम माह्यं नाही," म्हणाल्या. मी मान खाली घातली. तेवढा एकच क्षण होता, आणि मी भित्रा निघालो. मंगळवार बंद झाले.

तीन महिन्यांनी धनजला त्यांच्या घरी जाऊन मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले. बॅग भरलेली होती, पुण्याला नोकरी धरली होती.

"मी गावात सगळं सांगतो, मॅडम."

"सांगा. पन माह्यासाठी नका सांगू. नुकसान त्या कौसल्याबाईचं झालं, आता कुठं उंबरठा ओलांडून येऊन राह्यल्या होत्या."

कौसल्याबाई आमच्याच गल्लीतल्या. लेक विहिरीत पडून गेली तेव्हापासून त्या घराबाहेर पडत नसत. मंगळवारी तेवढ्या येऊ लागल्या होत्या.

मी गावाला सगळं सांगितलं. लोक उठून गेले. मागे राहिली ती कौसल्याबाईंची सून.

"आता कायले सांगता, भाऊ?" ती म्हणाली. "अजून बी दर मंगळवारी लुगडं बदलून बसते सासूबाई. दारापर्यंत येते, आन् परत जाते."