सहा नंबरचं गलबत

“आगं पोरी, कांदा घाम सोडतो. त्याच्यापाशी शिमिट ठिवलं तर खालच्या बेटाला पोचंस्तवर त्याचा दगूड व्हतो. ह्ये तुज्या यंत्राला कळतंया न्हवं?”

“कळतंय, चाक मात्रावी. तुम्हीच सांगितलंत, मी लिहून घेतलं. पण तुम्ही कांद्याचं विचारायला आला नाहीत.”

धक्क्यावर सगळे त्याला चाक, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. मात्रावीनं लुंगी सावरली, सिगारेट पेटवली आणि वेनिंगच्या समोर पोत्यावर बूड टेकलं. चौतीस वर्षं त्यानं कालीमासच्या धक्क्यावर माल रचला. हमाल पुष्कळ होते. पण कुठला डाग कुठल्या गलबतात, तळाला काय, वर काय, हे ठरवावं त्यानंच. मालाच्या ढिगाकडं बघत एक लवंगी सिगारेट ओढायचा. ती संपेस्तवर सहाच्या सहा गलबतं डोक्यात भरून झालेली असायची. समोरच्या मदुरा बेटावरून आला तेव्हा सही येत नव्हती, अजून येत नाही. पोत्याला पाय लावून वजन मात्र सांगे.

वखारवाल्यानं ही सुराबायाची शिकलेली पोरगी, वेनिंग, आणली. तीन महिने ती त्याला विचारून विचारून अटी लिहीत होती. प्रत्येक डाग कुठल्या तरी एका गलबतात गेलाच पाहिजे. कुठल्याही गलबताचं वजन त्याच्या बुडीच्या रेघेबाहेर जाता कामा नये. रॉकेलजवळ तांदूळ नको. सगळ्यात लांबच्या बेटाचा माल तळाला. मग तिनं यंत्राला विचारलं, एवढं सगळं पाळून कमीत कमी किती गलबतं लागतील? यंत्र म्हणालं, पाच. चारात बसणारच नाही, हेही छातीठोक सांगितलं. मात्रावीनं पाचही गलबतांचे फाळके, मालाचे तळखण, स्वतःच्या हातानं रचून पाहिले. एक डाग बाहेर राहिला नाही. इतकी नेटकी रचाई त्याला उभ्या जन्मात जमली नव्हती. ते जिव्हारी लागलंच.

गलबतं दर शुक्रवारी सुटत. चार शुक्रवार झाले, सहावं गलबत रिकामं उभं होतं. ते साहलानचं, त्याच्या जावयाचं. खलाशी निघून गेले. लेक दोन पोरं घेऊन बापाकडं जेवायला येऊ लागली.

“दर खेपंला त्योच मागं का? यंत्राचं काय वाकडं केलंया त्यानं?”

“यंत्राला नावं ठाऊकच नाहीत. सहाही गलबतं एकसारखी, वजनाची रेघही एकच. मग तेच वाटप नुसते नंबर अदलून-बदलून ते पुन्हा पुन्हा तपासत बसतं. म्हणून मी अट घातली, आधीचा नंबर रिकामा असेल तर पुढच्यात माल घालायचा नाही. रिकामं राहतं ते नेहमी शेवटचं.”

“आन् नंबर कुणी टाकलं?”

“तुम्ही नावं सांगितलीत तसे.”

मात्रावीला तो दिवस आठवला. चार माणसांत आपल्या घरचं नाव आधी कोण घेतं? त्यानं परक्यांची पाच आधी सांगितली होती, जावयाचं शेवटी.

“मंग पाळी लावा की.”

“मी वखारमालकांना म्हटलं. नको म्हणाले. आज दुपारी पाच जणांशी वर्षाचा करार आहे. नाव बदलायचं तर आत्ता सांगा, चाक. सहावं कुणाला करू?”

मात्रावीनं धक्क्याकडं पाहिलं. एक नंबरवर मोस्लेह तांडेल कमरेवर हात ठेवून उभा होता. पलीकडं विधवा जुहैरियाचं गलबत, भाऊ चालवतो. त्याच्यापलीकडं आणखी तिघं, सगळ्यांच्या घरचं लग्नाचं नि मयताचं जेवण जेवलेला हा.

“चाक!” मोस्लेह ओरडला. “आदी मीठ का कांदा? का त्या म्बाकताईलाच इचारू? तुमी काय, आता नुसतं धूर काढाया!”

हमाल खदखदले. त्यांच्यातच खांद्याला फडकं बांधून, आता हमाली करणारा साहलान उभा होता. तो हसला नाही, वरही बघेना.

मात्रावीनं एकेका गलबतावरून बोट फिरवलं, पाचव्यापाशी पोचून खाली घेतलं.

“ऱ्हाऊ दे हाय तसंच,” तो म्हणाला.

“साहलानच?”

“व्हय.”

तो उठला, सिगारेट पायाखाली विझवली नि एक नंबरच्या फळीवर चढला.

“आदी मीठ,” त्यानं हाक दिली, आणि पहिल्या पोत्याला पाय लावला.