गाव बिनविरोध झालं

दहावीला इतिहासाच्या शेपटाला राज्यशास्त्र जोडलेलं असायचं. मार्क कमी, म्हणून सगळे ते परीक्षेच्या आदल्या दिवसावर ढकलत. मला मात्र तेच आवडायचं. इतिहासात राजे होते, राज्यशास्त्रात 'प्रत्येक नागरिक' होता, म्हणजे मीही होते. आमचे सर तो 'प्रत्येक' असा ठासून म्हणत की मागच्या बाकावरची झोपलेली पोरंही दचकायची.

त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वस्तीच्या वॉर्डातली जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होती. बाबा पुण्याला कंपनीत, घरी आई आणि मी दोघीच. संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी निवडणुकीचा धडा मोठ्यानं वाचायचे. एकदा तिनं मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे मले बी उभं राह्यता येते?"

"येते ना! पुस्तकातच हाये."

त्याच आठवड्यात ती मालेगावला तहसीलमध्ये जाऊन अर्ज भरून आली. वस्तीतल्या रस्त्यावर दिवे लागावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण गावानं सगळं आधीच ठरवलेलं. पारावर बैठक होऊन प्रत्येक जागेसाठी एकेक नाव पक्कं झालं होतं. आमच्या वॉर्डातून नाव होतं गावच्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या शेतात राबणाऱ्या एका बाईचं. ती त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गाव बिनविरोध करायचं होतं. हा शब्द आमच्याकडे हळदीकुंकू लावल्यासारखा उच्चारतात. बिनविरोध म्हणजे एकी, बिनविरोध म्हणजे पेपरात फोटो. आणि आई एकटी त्या फोटोच्या आड आली होती.

कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. गिरणीवाल्यानं आमचा ज्वारीचा डबा "लाइट नाई" म्हणून परत केला, तेव्हा त्याच्या मागे पट्टा गरगरत होता. आई नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. दिवस मावळताना एक मोटारसायकल आमच्या दारासमोर येऊन उभी राहायची, इंजिन चालूच, आणि थोड्या वेळानं निघून जायची. वर बसलेला आमच्याकडे बघतसुद्धा नसे.

"भिऊन काय होते? आपुन काय चोरी केली?" आई म्हणायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा. तरी उजेड असतानाच मी दाराला कडी घालायला लागले होते.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी ते मोठे शेतकरी स्वतः घरी आले. त्यांच्या मागे आमचे सर. सरांना पाहून मला हायसं वाटलं. आता सर यांना समजावतील, असंच वाटलं मला. सर खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले.

आईनं रीत म्हणून चहाचं विचारलं. त्या घरच्या कोणी आमच्या वस्तीत कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

"ठेवा ना, ताई," ते म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले ते. अर्जाचं नावही काढलं नाही. मग माझ्याकडे वळून हसले.

"दहावीत हायेस न, पोरी? शाळेतून कोन्या रस्त्यानं येतेस?"

"पांदणीनं, वावरामधून. तिकून जवळ पडते."

"एकटीच?"

"हो."

सर समोर होते, म्हणून मी कशी ताठ बसून, स्पष्ट आवाजात सांगितलं!

"तिकडं तूर लय उंच झाली हाये औंदा," ते म्हणाले आणि उठले. सरही उठले. चपला घालताना मला म्हणाले, "अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मालेगावला निघाली. मी तिची वाट अडवली.

"मांगं कायले घेऊन राह्यली? तुहा हक्क हाये तो! भेली का तू?"

"हो, भेली," ती म्हणाली. "त्यानं तुहा रस्ता इचारला, आन् तू सांगतला. चुलीत जाऊ दे थे सीट."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बाजूला झाले.

संध्याकाळी गुलाल उधळला. मतदानाच्या दिवशी आजूबाजूच्या गावांत शाळा बंद होत्या, आमची भरली. सरांनी मलाच उभं केलं आणि विचारलं, मतदान गुप्त का असतं? 'न भिता मत देता यावं म्हणून,' मी सांगितलं. ते 'बरोबर' म्हणाले आणि फळ्याकडे वळले. मला त्यांचा भयंकर संताप आला. शाळा सुटली तेव्हा आई कामावरून तशीच येऊन फाटकाशी उभी होती. दहावी संपेपर्यंत ती रोज येत राहिली.

आता मी तालुक्याला नोकरी करते. कोणत्या रस्त्यानं येता, असं कोणी अगदी सहज विचारलं तरी मी खोटं सांगते.