राणी दिसून नाई राह्यली

वामनराव गेल्याची बातमी मीच फोन करून मिळवली. नेहमीप्रमाणे खोटं बोलायला फोन केला होता. "वामनराव, पेटीत राणी दिसून नाई राह्यली," हे वाक्य तोंडात तयार होतं... पलीकडून त्यांची सून बोलली, "काका, बाबा तं परवाच गेले. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस काहीही बोलतो.

सेलूजवळ माझी भाजीची वाडी आहे. बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. मुलगी फोनवर तब्येत विचारते, ती सांगून झाली की संपलं. काकडीला फळ धरेना म्हणून तीन वर्षांपूर्वी मी दोन मधपेट्या आणल्या आणि त्या तपासायला सिंदीहून वामनराव येऊ लागले. सगळा जन्म माश्यांत गेलेला माणूस. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, पोळ्याची चौकट उचलली की पिल्लांवर ऊन पडू द्यायचं नाही... "काऊन घाई करता शेठ? त्याइच्या घरात आलो आपण," असं म्हणत. माझं बियाण्याचं दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण त्यांनी मला शेठच ठेवलं.

एकदा गावात पेट्यावाटपाचा समारंभ झाला. हार, अगरबत्त्या, माश्यांच्या शिस्तीवर बेशिस्त लांबीची भाषणं. पाहुण्यांना फोटोसाठी पेटी उघडून हवी होती. वामनराव म्हणाले, "साहेब, तुमी अत्तर लावून आले. माश्याइले ते नाई चालत. बंद पेटीसंग काढा फोटो." तसाच निघाला. त्यातही पाहुणे पेटीपासून दोन पावलं मागेच आहेत.

राणीमाशी ओळखायला मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. लांबट पोट, तोकडे पंख, तिला वाट करून देणाऱ्या इतर माश्या. पण तसं कबूल करायची सोय नव्हती. "ज्याले पाह्यता आलं, त्याच्याकडे मी जात नाई," हा त्यांचा नियम होता. म्हणून मी आंधळा राहिलो. ते बोट दाखवून म्हणत, "हे काय, नाकासमोर!" आणि मी चष्मा पुसत असे.

आता तीन आठवडे झाले. पेट्या तशाच होत्या. पावसाळ्याच्या अखेरीस पेटी बघितली नाही तर मेणकिडा पोळ्यात जाळं करतो आणि माश्या निघून जातात. शेजारी म्हणाला, "देऊन टाका कोणाले, तुमच्यानं होणार नाई." परवा सकाळी शेवटी मीच धूर केला आणि पेटी उघडली. तळाशी जाळं लागलेलं होतं, ते खरवडलं. तिसऱ्या चौकटीवर राणी चालत होती. मी मोठ्याने "दिसली" म्हणालो... वाडीत कुणी नव्हतं.

झाकण परत लावताना त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची अक्षरं दिसली. झाकण काढणं-लावणं नेहमी वामनरावच करत. प्रत्येक फेरीची तारीख, पुढे राणी, अंडी, मध. दुसऱ्या वर्षापासून नोंदी आखूड झालेल्या. "काम नाई. शेठले राणी दिसते. चहा घेतला." त्याखाली पुढची तारीख, "काम नाई. चहा घेतला." त्याखाली पुन्हा तेच... पार कडेपर्यंत.

उरलेल्या जागेत मी तारीख घातली आणि "राणी दिसली" असं लिहिलं. चहाचं काही लिहिलं नाही.